पोट माहेरचं की सासरचं?

पत्र आलंय ते थोडं आटोपशीर करून देतेय:

‘ताई नमस्कार. मी ३४ वर्षांची, माहेर नगरकडचं, लग्न होऊन डोंबिवलीत आले. गेली काही वर्षं पोटाने नुसता वैताग आणलाय. उसळ खाल्ली की पोट फुगतं, दूध प्यायलं की गुडगुड आणि मग धावपळ. माहेरी असताना मटकी-हुलगे रोज खायचे, काही व्हायचं नाही. माझी सख्खी बहीण पेलाभर दूध पिऊन झोपते, तिला अजूनही काही होत नाही. सासूबाई म्हणतात तुमच्याकडची पोटंच नाजूक, तुझ्या वडिलांचं पण असंच आहे. आता माझा सहा वर्षांचा मुलगा पण सारखं पोट दुखतं म्हणतो, त्याचंही खापर माझ्यावरच. तो सिझरने झाला, लहानपणी कानासाठी अँटिबायोटिक्सचे बरेच कोर्स झाले, त्यामुळे मलाही आतून वाटत राहतं की माझंच काहीतरी चुकलं. मिस्टरांनी ऑनलाइन एक टेस्ट शोधलीय, घरीच सॅम्पल द्यायचं, जीन्स आणि पोटातले बॅक्टेरिया दोन्ही तपासून रिपोर्ट देतात, तिघांचे मिळून चाळीसेक हजार होतात. करावी का? आणि खरंच हे खानदानी असतं का?’

अगं, आधी शेवटच्या प्रश्नाचंच उत्तर देते म्हणजे तुझा जीव जरा थाऱ्यावर येईल. थोडंसं खानदानी असतं, बरंचसं नसतं, आणि जे थोडंसं असतं त्यात तुझा काडीचा दोष नाही. तुझ्या पत्रातच अर्धं उत्तर आहे आणि ते तुझ्या लक्षात आलेलं नाही. माहेरी मटकी पचत होती, म्हणजे पोट जर जन्मजातच नाजूक असतं तर ते नगरला पण फुगलं असतं ना? माणूस तेच, जीन्स तेच, मग मधल्या काळात बदललं ते दुसरंच काहीतरी आहे.

आपल्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी बॅक्टेरिया असतात असा २०१६ चा अंदाज आहे, म्हणजे आपल्या स्वतःच्या पेशींच्या तोडीस तोड, आणि ते जवळजवळ सगळे मोठ्या आतड्यात. आपल्याला जे पचत नाही ते खाली मोठ्या आतड्यात जातं आणि यांचं जेवण होतं. कुणाच्या पोटात कुठल्या जातीचे किती, हे माणसामाणसात प्रचंड वेगळं असतं, जुळ्या भावंडांत सुद्धा. आता हा फरक रक्तातून येतो की घरातून येतो, यावर जगभर डोकेफोड झालीय. त्यातला मला सगळ्यात पटणारा अभ्यास इस्रायलमधला आहे, वाइझमन इन्स्टिट्यूटचा, २०१८ सालचा. तिथे एकाच देशात युरोपातून आलेल्या, उत्तर आफ्रिकेतून आलेल्या, येमेनमधून आलेल्या कुटुंबांतले लोक राहतात, म्हणजे वंश वेगवेगळे पण हवा-पाणी-बाजार बराचसा एक. त्यांनी १,०४६ निरोगी लोकांचे बॅक्टेरिया आणि जीन्स दोन्ही तपासले. निघालं काय, तर कुणाचे पूर्वज कुठले याचा पोटातल्या बॅक्टेरियाशी म्हणण्यासारखा संबंधच लागला नाही. जीन्सचा वाटा त्यांच्या हिशोबाने साधारण २ ते ८ टक्के, आणि खाणं, औषधं, वजन-उंची असल्या गोष्टींनी मात्र २० टक्क्यांहून जास्त फरक समजावता आला. उरलेला भाग म्हणजे मोजताच न आलेल्या कितीतरी गोष्टी, लहानपणी काय काय झालं ते सगळं. आणि तुझ्यासाठी कामाची गोष्ट म्हणजे रक्ताचं नातं नसलेल्या पण एका घरात राहणाऱ्या माणसांचे बॅक्टेरिया एकमेकांशी जुळत होते, आणि रक्ताचे नातेवाईक जे कधी एका छपराखाली राहिलेच नव्हते त्यांचे जुळत नव्हते.

हे सासूबाईंना भांडणात ऐकवू नकोस, पण मनात पक्कं ठेव. कारण पुढचं तर अजून थेट आहे. इटलीतल्या त्रेंतोच्या शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये वीस देशांतले नऊ हजारांवर नमुने तपासले, नुसती जात नाही तर एकेका बॅक्टेरियाचं अगदी बारीक कूळ ओळखून. एका घरातल्या माणसांमध्ये अशी १२ टक्के कुळं सामाईक निघाली, एकाच गावात पण वेगळ्या घरात राहणाऱ्यांमध्ये ८ टक्के. आई आणि एक वर्षाच्या आतलं बाळ यांच्यात निम्मी सामाईक, आणि मूल मोठं होतं तसं ते कमी होत जातं. जुळी भावंडं वेगळी राहायला लागली की त्यांचंही वर्षागणिक कमी होतं. म्हणजे लग्न होऊन तू या घरात आलीस, एकाच ओट्यावर स्वयंपाक करतेस, एकच टॉयलेट वापरता, तर आज तुझ्या पोटातल्या काही बॅक्टेरियांचं कूळ सासूबाईंच्या पोटातलंच असण्याची चांगलीच शक्यता आहे, आणि त्यांच्या पोटात तुझ्या माहेरचं काहीतरी गेलंय. आपल्या पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञानाच्या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली दोन एकत्र कुटुंबांचा अभ्यास छापला होता, प्रत्येकी तीन पिढ्या, आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत, घर एकच. त्यात वयाप्रमाणे बॅक्टेरियांच्या मोठ्या गटांचं प्रमाण बदलताना दिसलं. तेव्हा ‘तुमच्याकडचं पोट’ असं एक पोट कुठल्याच घराण्यात नसतं.

आता दुधाकडे येऊ, कारण दुधाच्या बाबतीत सासूबाईंचं थोडं बरोबर आहे आणि ते मी लपवणार नाही. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज फोडायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं एन्झाइम लागतं. बाळपणी ते सगळ्यांकडे असतं, मोठेपणी जगातल्या बहुतेकांचं कमी होत जातं, आणि ज्यांच्याकडे एक विशिष्ट जीनबदल आहे त्यांचं चालू राहतं. भारतात हा बदल युरोपातल्यासारखाच आहे, वायव्येकडे जास्त आणि दक्षिण-पूर्वेकडे जावं तसा कमी. हा बदल आई किंवा वडील कुणा एकाकडून आला तरी पुरतो. समज तुझ्या वडिलांकडे तो नाही आणि आईकडे त्याची एकच प्रत आहे, तर प्रत्येक मुलीला तो मिळण्याची शक्यता अर्धी-अर्धी. बहिणीला मिळाला असेल, तुला नसेल. सख्ख्या बहिणींच्या जीन्स सरासरी निम्म्याच जुळतात, त्यामुळे यात नवल असं काही नाही.

पण इथेच जीन संपतो आणि बॅक्टेरिया सुरू होतात, आणि हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. न पचलेलं लॅक्टोज खाली मोठ्या आतड्यात गेलं की बिफिडो नावाचे बॅक्टेरिया त्यावर तुटून पडतात. ज्यांच्याकडे तो जीनबदल नाही पण जे दूध पितात, त्यांच्या पोटात बिफिडो जास्त सापडतात, हे फिनलंडच्या हजारो लोकांच्या अभ्यासात स्पष्ट दिसलंय. इंग्लंडमधल्या जुळ्यांच्या अभ्यासातही बिफिडोचा याच जीनशी संबंध लागला. म्हणजे जीन बॅक्टेरियाला हात लावत नाही, तो फक्त त्यांच्या ताटात काय पडेल ते ठरवतो. तू दूधच प्यायली नाहीस तर त्या जीनला करायला काही उरतच नाही. आणि हेही दिसलंय की असे लोक रोज थोडं थोडं लॅक्टोज घेत, हळूहळू वाढवत गेले तर बॅक्टेरिया सरावतात, गॅस कमी होतो. एन्झाइम परत येत नाही, जीन बदलत नाही, तरी त्रास कमी होतो.

असे घट्ट पुरावे असलेले जीन मोजकेच आहेत. दुधाचा हा एक, आणि रक्तगटाचा एबीओ दुसरा, कारण रक्तगटाच्या साखरा बऱ्याच लोकांच्या आतड्याच्या चिकट स्रावातही असतात आणि काही बॅक्टेरिया त्या खातात. 

उसळीचा मामला एकदम वेगळा आहे. मटकी, हुलगे, राजमा यांत रॅफिनोज, स्टॅकियोज अशा साखरा असतात आणि त्या फोडायचं एन्झाइम कुठल्याच माणसाच्या आतड्यात नसतं. तुझ्या नाही, बहिणीच्या नाही, सासूबाईंच्या पण नाही. सगळं काम बॅक्टेरियांचं. मग फरक पडतो तो कुणाच्या बॅक्टेरियांना त्याची सवय आहे यात. तू माहेरी रोज मटकी, हुलगे, बाजरीची भाकरी खात होतीस, तुझ्या पोटात ते खाणाऱ्यांची वस्ती दांडगी होती. इथे काय खातेस ते तू लिहिलं नाहीस पण मी अंदाज बांधते, सकाळी चहा-बिस्किट नाहीतर पाव, डब्यात पोळी-भाजी, रात्री वरण-भात, आणि उसळ पंधरा दिवसांतून एकदा, ती पण त्रास होतो म्हणून टाळत टाळत. माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या बायकांमध्ये हे इतकं सर्रास दिसतं. टाळलं की ते बॅक्टेरिया अजून कमी होतात आणि मग पुढची वाटी अजून त्रास देते.

स्थलांतराने असं होतं याचा मोठा पुरावा अमेरिकेतला आहे. थायलंडमधून मिनेसोटात गेलेल्या ह्मोंग आणि कॅरेन या आग्नेय आशियातल्या जमातींच्या लोकांवर २०१८ मध्ये अभ्यास आला. तिथे गेल्यावर काही महिन्यांतच त्यांच्या पोटातली विविधता घटायला लागली, प्रेव्होटेला नावाचे तंतूमय खाणं आवडणारे बॅक्टेरिया मागे पडून बॅक्टेरॉइडिस नावाचे दुसरे बॅक्टेरिया पुढे आले, आणि तिथे जन्मलेल्या पुढच्या पिढीत ते अजूनच ठळक. जीन्स तर तेच होते. प्रेव्होटेला ही आपल्याकडची ओळखीची मंडळी, भारतीय पोटांत ती भरपूर सापडते. भोपाळ आणि केरळमधल्या ११० लोकांची तुलना केली तेव्हा मुख्यतः शाकाहारी, धान्यावर जगणाऱ्या भोपाळकरांत प्रेव्होटेला जास्त निघाली आणि मासे-मांस खाणाऱ्या केरळी लोकांत चित्र वेगळं होतं. नगर ते डोंबिवली म्हणजे काही थायलंड ते अमेरिका नाही हे मान्य, पण बाजरी-हुलग्यावरून पाव-बिस्किटावर येणं हा पोटासाठी लहान प्रवास नाही.

एक विचारायचं राहतंय, तू सकाळी उपाशीपोटी गॅसची गोळी घेतेस का, पँटोप्राझोल वगैरे? पत्रात नाही लिहिलंस, पण वर्षानुवर्षं मनानेच ती घेणारी माणसं घरोघरी आहेत. त्या गोळ्यांनी पोटातलं ॲसिड कमी होतं आणि तोंडातले बॅक्टेरिया खाली आतड्यापर्यंत पोचायला लागतात, हे चांगलं सिद्ध झालेलं आहे. डायबेटिसच्या मेटफॉर्मिननेही बॅक्टेरिया बदलतात. डॉक्टरांनी दिलेलं औषध आपल्या मनाने बंद करू नकोस, पण घेत असशील तर अजून लागतेय का ते त्यांना विचार.

आता मुलाचं. हे वाचताना मला तुझ्याबद्दल फार वाटलं, म्हणून जरा नीट लिहिते. सिझरने आणि नॉर्मल झालेल्या बाळांच्या पोटात सुरुवातीला फरक असतो, हे खरं आहे. ब्रिटनमध्ये ५९६ बाळांचा अभ्यास २०१९ मध्ये आला, त्यात सिझरच्या बाळांत आईच्या पोटातले बॅक्टेरिया कमी आणि हॉस्पिटलमध्ये आढळणारे जास्त दिसले. पण वर्षाच्या आतच त्यातला बराचसा फरक मिटत गेला, फक्त बॅक्टेरॉइडिसचा एक गट बऱ्याच जणांत कमी राहिला होता. पुढे वरणभात, भाजी, घरातली माणसं, मातीत खेळणं, या सगळ्यातून तीनेक वर्षांपर्यंत मुलाचं पोट मोठ्यांसारखं व्हायला लागतं. तुझा मुलगा सहा वर्षांचा आहे. सहा वर्षांच्या मुलाच्या पोटदुखीला त्याच्या जन्माच्या वेळचं ऑपरेशन जबाबदार आहे असं कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि ते ऑपरेशन तू हौसेने करून घेतलं नव्हतंस.

अँटिबायोटिक्सचा परिणाम होतो, तो मी नाकारणार नाही. डेन्मार्कमध्ये १२ निरोगी पुरुषांना चार दिवस तीन जबरदस्त अँटिबायोटिक्स एकदम दिली होती, तर दीडेक महिन्यात पोट बऱ्यापैकी सावरलं पण नऊ जातीचे बॅक्टेरिया सहा महिन्यांनी सुद्धा बऱ्याच जणांत परत दिसले नाहीत. पण ती औषधं कानाच्या इन्फेक्शनला देतात त्यापेक्षा कितीतरी जड होती. कान पिकलेला असताना डॉक्टरांनी दिलेलं औषध तू दिलंस, तेच बरोबर होतं. यापुढे एवढंच बघ की साध्या सर्दी-खोकल्याला केमिस्टकडून आपणच बाटली आणायची नाही.

आणि सहा वर्षांच्या मुलाचं पोट दुखण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण बद्धकोष्ठ असतं. शाळेतल्या टॉयलेटला जायचं नाही म्हणून दाबून ठेवतात, डबा तसाच परत आणतात, पाणी पीत नाहीत. मग जंत, त्यासाठी फेब्रुवारी-ऑगस्टमध्ये शाळेत गोळी मिळते ती त्याने घेतली होती का बघ. मग शाळेतली एखादी भीती. मुलांच्या डॉक्टरांना एकदा नीट दाखव. वजन वाढत नसेल, रात्री दुखून जाग येत असेल, शौचातून रक्त, वारंवार ताप किंवा उलट्या असतील तर अजिबात थांबू नकोस. उंची-वजनाची नोंद असलेलं लसीकरणाचं कार्ड बरोबर ने.

टेस्टचं म्हणशील तर करू नकोस. चाळीस हजार लहान रक्कम नाही. शौचाचा एक नमुना म्हणजे त्या आठवड्याचं चित्र, चार दिवस जेवण पालटलं तरी ते बदलतं. निरोगी पोट म्हणजे नेमके कुठले बॅक्टेरिया किती, याचं सर्वमान्य मापच अजून ठरलेलं नाही, एकच नमुना दोन लॅबना दिला तर दोन वेगळे आकडे येऊ शकतात, आणि रिपोर्टमध्ये लाल रंगात काही दाखवलं तरी त्यावर तुझे डॉक्टर कुठलं औषध लिहिणार? या विषयातल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटानेही डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय लोकांनी परस्पर अशा टेस्ट करू नयेत असंच सांगितलंय. त्याच रिपोर्टबरोबर बऱ्याचदा प्रोबायोटिकच्या पुड्या विकतात. इस्रायलमध्ये त्यावरही काम झालंय, काहींच्या पोटात ते बॅक्टेरिया रुजतात, काहींच्या पोटात रुजतच नाहीत आणि तसेच बाहेर पडतात.

त्याऐवजी साध्या डॉक्टरकडे जा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, आणि सीलिॲकसाठी टीटीजीची रक्ततपासणी करायची का ते विचार. सीलिॲक म्हणजे गव्हाच्या ग्लूटेनने होणारा आतड्याचा आजार, आणि तो मात्र खरंच घराण्यात चालतो. पण त्यातही बघ, त्याचे जीन्स ३०-४० टक्के लोकांकडे असतात आणि आजार शंभरात एखाद्यालाच होतो. टेस्टच्या आधी गहू बंद करू नकोस, नाहीतर टेस्ट खोटी नॉर्मल येऊ शकते. दुधाची खात्री करायची असेल तर हायड्रोजन ब्रीथ टेस्ट, म्हणजे श्वासातला हायड्रोजन मोजणारी तपासणी, मोठ्या हॉस्पिटलमध्ये होते, नाहीतर घरीच बघता येतं: दोन आठवडे दूध पूर्ण बंद, दही-ताक चालू ठेव कारण त्यातल्या लॅक्टोजचा काही भाग विरजणानेच खाल्लेला असतो. फरक पडला तर मग पाव कप दूध, तेही जेवणाबरोबर, उपाशीपोटी नाही, आणि आठवड्याला थोडं थोडं वाढव. साधारण पेलाभर दुधात १२ ग्रॅम लॅक्टोज असतं आणि दूध न पचणाऱ्यांपैकी बहुतेकांना एवढं एका वेळी फारशी तक्रार न होता चालतं.

मटकीसाठी असं कर. रात्री भिजत घाल, सकाळी ते पाणी फेकून दे, त्यातच बऱ्याच त्रासदायक साखरा उतरलेल्या असतात. फडक्यात बांधून मोड चांगले बोटाच्या पेराएवढे येऊ देत, मोड येताना त्या साखरा अजून कमी होतात. मग ताज्या पाण्यात मऊ शिजव, अर्धवट शिजलेली नको. पहिल्या आठवड्यात फक्त दोन चमचे, पण रोज. वाटीभर आणि पंधरवड्यातून एकदा, हे बंद. मग दर आठवड्याला एकेक चमचा चढव, पोट जास्तच फुगलं तर एक पायरी मागे ये. महिन्याभरात बहुतेकींना फरक कळतो. आठवड्यातून तीन-चारदा पोळीऐवजी बाजरी किंवा ज्वारीची भाकरी सुरू कर, तीही अर्धीपासून. मुलाच्या ताटातही हेच वाढ, वेगळं काही करायची गरज नाही, आणि सासूबाईंना पण वाढ, त्यांना बरं वाटलं तर बोलणं आपोआप कमी होईल.

वडिलांना फोन करून एकदा नीट विचार की त्यांना नेमकं काय होतं, नुसते गॅस आहेत की कधी रक्त पडलं, वजन उतरलं, दुर्बीण घालून तपासणी झाली होती का. जुने कागद असतील तर फोटो मागवून घे. तुझं वजन कारण नसताना उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा रात्री जुलाबाने उठावं लागत असेल तर मटकीचे प्रयोग बाजूला ठेव आणि ते कागद घेऊन आधी पोटाच्या डॉक्टरांकडे जा. नाहीतर मुलाची अपॉइंटमेंट पहिली घे, तुझी त्यानंतर.